भरीत-पुरी सिंड्रोमचा खरा जनक

डॉक्टर लोक शब्द पूर्ण उच्चारत नाहीत, हे मला धंद्यात पडल्या पडल्याच कळलं. हाडांच्या विभागातला एक रेसिडेंट दुकानात आला आणि उभ्या उभ्याच मजकूर सांगू लागला. मी टाइप करत गेलो. पान भरल्यावर वाचून पाहिलं, तर 'आणि', 'पण', 'म्हणून' एवढे शब्द सोडले तर सगळी नुसती इंग्रजी अक्षरं.

"डॉक्टर, यात गुडघा कुठे आहे?" मी विचारलं.

"हा के म्हणजे गुडघा, नाना."

"आणि हा खालचा के?"

त्याने वाकून पाहिलं. जरा वेळ विचार केला. "तो पोटॅशियम असेल," म्हणाला.

धुळ्यात एका मेडिकल कॉलेजच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान होतं. कॉलेज कोणतं ते सांगत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात कॉलेजचा दोष थोडा आणि माझाच जास्त आहे. आधी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आले. वरची पदवी घ्यायला आलेल्या डॉक्टरांना एक प्रबंध लिहावा लागतो. त्याला सगळे थिसिस म्हणत. तो नीट मांडायचा, छापायचा, काळ्या रेक्झिनमध्ये बांधून वर सोनेरी अक्षरं उठवायची, हे आमचं काम. बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय, दिलेलं टाइप करायचं. पण दिलेलं कधीच टाइप करण्यासारखं नसायचं.

सगळ्यात मोठी डोकेदुखी म्हणजे हे शॉर्टफॉर्म, म्हणजे संक्षेप. वॉर्डातल्या केसपेपरवर डॉक्टर काहीही खरडतो आणि ते चालतं, कारण वाचणारी सिस्टर त्याच वॉर्डात उभी असते; कळलं नाही तर विचारते. थिसिस किंवा शोधनिबंध वाचणारा मात्र कुठल्या गावात, कुठल्या देशात बसलेला असेल सांगता येत नाही. तो विचारणार कोणाला? म्हणून नियम असा की शब्द पहिल्यांदा येईल तेव्हा पूर्ण लिहायचा, पुढे कंसात त्याचा संक्षेप द्यायचा, आणि मग शेवटपर्यंत तोच वापरायचा. मध्येच हुक्की आली म्हणून पुन्हा पूर्ण नाही. शब्द एकदोनदाच येणार असेल तर संक्षेप करायचाच नाही. शीर्षकात तर नकोच. सुरुवातीचा सारांश लोक वेगळा काढून वाचतात, म्हणून तिथे पूर्ण सांगितलेलं असलं तरी आत पुन्हा सांगायचं. तक्त्याच्या खाली तक्त्यापुरतं वेगळं सांगायचं. आणि एकाच अक्षराचे दोन अर्थ एकाच थिसिसमध्ये, म्हणजे आमच्या त्या गुडघ्यासारखं, हे महापाप.

हे नियम मला कोणी शिकवले नाहीत. परत आलेल्या थिसिसांनी शिकवले.

एका बालरोगवाल्या डॉक्टरांना सारांश छोटा करून हवा होता. मासिकाने शब्दांची मर्यादा घातली होती, आणि संक्षेप कितीही मोठ्या शब्दांचा असला तरी एकच शब्द धरला जातो, हे त्यांना कळलं होतं. मग काय, त्यांनी 'खानदेशातल्या ग्रामीण भागातली मुलं' याचा एक संक्षेप केला, 'आईने सांगितल्याप्रमाणे' याचा एक केला, 'पावसाळ्यानंतर' याचाही केला. सारांश अगदी मापात बसला. मासिकाच्या संपादकांचं पत्र आलं, की संशोधन चांगलं असावं असं वाटतं, पण ते नक्की कोणत्या भाषेत आहे ते कळवावं.

दुसरा किस्सा माझा स्वतःचा. हार्ट अटॅकला डॉक्टर एमआय म्हणतात. एका थिसिसमध्ये गाइडने शेरा मारला, की हे सगळीकडे पूर्ण लिहा. कॉम्प्युटर नवीन होता आणि एका बटणात सगळीकडे शब्द बदलतात हे मी नुकतंच शिकलो होतो. दाबलं बटण. छापून, बांधून थिसिस गेला. संध्याकाळी रेसिडेंट धावत आला. इंग्रजी 'फॅमिली' या शब्दाच्या पोटात हार्ट अटॅक शिरला होता. 'व्हिटॅमिन'मध्ये शिरला होता. ज्या ज्या शब्दात ती दोन अक्षरं शेजारी सापडली, तिथे तिथे झटका आला होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची गाडी लावणारे दगडूभाऊ ते पान पाहून म्हणाले, "नाना, तुन्हा दुकानमा दवाखानापेक्षा जास्त पेशंट शेत."

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

थिसिसच्या सुरुवातीला एक पान असतं, त्यात वापरलेल्या सगळ्या संक्षेपांची यादी असते. खरं तर ज्याने थिसिस लिहिला त्यानेच ती करायची, आणि आत जेवढे संक्षेप आहेत तेवढेच त्यात हवेत. आमच्याकडे रीत वेगळी होती. शीर्षकाचं पान, दाखल्याचं पान, आभाराचं पान आणि हे यादीचं पान दुकानात तयार असायचं. नावं बदलायची आणि लावून द्यायचं. यादी लांबलचक असली की गाइड खूश होतात, असा सगळ्यांचा समज. त्यामुळे ती कधी कमी व्हायची नाही. डोळ्यांच्या थिसिसमध्ये मूळव्याधीचे संक्षेप असायचे. कोणी काही म्हणत नसे.

ज्या विभागाचं काम माझ्याकडे सगळ्यात जास्त यायचं, त्याच्या प्रमुखांना आम्ही मोठे सर म्हणायचो; तिथल्या सगळ्यांचे गाइड तेच. मूळचे बेळगावकडचे, रुबाबदार, हातात सोनेरी टोपणाचं पेन. एकदा दुकानात बसून चहा पिताना दगडूभाऊ मला म्हणाले, "तो साहेब काही वाचत नही नाना. बठ्ठी पानं पलटावस नि सही ठोकस." मी म्हटलं, सगळी पानं नुसती पलटून सही? असं कसं, एवढे शिकलेले, वाचत असतीलच. शब्दाला शब्द वाढत गेला आणि पैज लागली. हिवाळ्याचे दिवस होते, आणि दगडूभाऊंनी घरून डब्यात भरीत आणि पुऱ्या आणल्या होत्या. भाजलेल्या हिरव्या वांग्याचा वास दुकानभर पसरला होता. समोर स्क्रीनवर ती यादी उघडीच होती. 'बीपी'च्या खाली मी टाइप केलं: बीपीएस, भरीत-पुरी सिंड्रोम.

मोठ्या सरांनी सही केली.

दगडूभाऊंनी त्या आनंदात गल्लीतल्या सगळ्यांना चहा पाजला. मीही हसलो. ती ओळ काढून टाकायची, हे मनात होतं. पण मग वाटलं, राहू दे, पुढच्या वेळी बघू वाचतात का. पुढच्या वेळीही सही झाली. मग ती ओळ पानात राहिली, जसा भिंतीवरचा जुना खिळा राहतो. केरळहून, दिल्लीहून आलेली मुलं ती निमूटपणे बांधून नेत. एकाने तर मला विचारलं होतं, की हा पुरी कोणत्या कॉलेजचा. मी म्हटलं, एरंडोलचा. त्याने मान डोलावली. आपल्याला एखादा संक्षेप माहीत नाही, हे कबूल करायला डॉक्टर फार घाबरतो, हे मला तेव्हा कळायला लागलं होतं. त्यातच मला गंमत वाटायची.

मग करुणा मॅडम आल्या. चोपड्याच्या. वडील तिथल्या एसटी डेपोत कंडक्टर. घरातली पहिली डॉक्टर, आणि पदवीवर पदवी घेणारी तर आसपासच्या वस्तीतही पहिली. कापूस वेचणाऱ्या बायकांच्या अंगात रक्त किती कमी असतं, यावर त्यांचा थिसिस होता. त्यासाठी त्या स्वतः बांधावर जाऊन बायकांचं रक्त तपासत. परत येत तेव्हा ओढणीला कापसाचे तंतू चिकटलेले असत. दुकानात बसल्या की माझ्याशी भांडत. "नाना, हिमोग्लोबिन पहिल्यांदा पूर्ण लिहिलंत का? मग एचबी." मी म्हणायचो, "मॅडम, एचबी आता गल्लीतल्या कुत्र्यालाही कळतं." त्या म्हणायच्या, "त्याला कळत असेल. मला परीक्षकाला कळवायचंय."

संक्षेपांची यादी त्यांनी स्वतः करून दिली होती. जेवढे आत होते तेवढेच. अर्धं पानसुद्धा भरत नव्हतं. मला ते पान केविलवाणं वाटलं. इतका कष्टाचा थिसिस आणि यादी एवढीशी. गाइडना वाटेल पोरीने काही वाचलंच नाही. मी त्यांचं पान बाजूला ठेवलं आणि दुकानातलं भरगच्च पान लावलं. त्यांच्या भल्यासाठी, असं तेव्हा मनाला सांगितलं. बीपीएसची ओळ त्यात आहे, हे माझ्या ध्यानातही नव्हतं. शेवटच्या घाईत थिसिस बांधून थेट ऑफिसात गेला. त्यांना तो उघडून पाहायला वेळच नव्हता.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. मुंबईत मोठं नाव, पण जन्म आणि बालपण दोंडाईचाचं. भरीत-पुरीची ओळख करून द्यायला नको असा पहिला माणूस त्या पानावर आला होता. त्यांनी यादीवर बोट ठेवून विचारलं, हा कोणता आजार.

मला हे कळलं ते शिपाई बोलवायला आला तेव्हा. मी गेलो. मोठ्या सरांच्या खोलीत सर, परीक्षक आणि करुणा मॅडम. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज सरळ होता. त्या सांगत होत्या, ही यादी माझी नाही, मी वेगळी दिली होती. परीक्षक म्हणत होते, स्वतःच्या थिसिसमध्ये काय आहे हे ज्याला माहीत नाही, त्याने आतलं तरी स्वतः केलं कशावरून?

मोठ्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. "नाना, ही यादी कोणी दिली?"

त्या वेळी माझ्या डोक्यात काय आलं, ते आज प्रामाणिकपणे सांगतो. आधी आलं की हे पान आजवरच्या सगळ्या थिसिसांमध्ये आहे. मग आलं की सगळ्यांवर सरांची सही आहे. आणि मग आलं की उद्यापासून या कॉलेजातलं एकही काम माझ्याकडे येणार नाही. मॅडमच्या बांधावरच्या बायका, त्यांचे वडील, त्यांच्या ओढणीवरचा कापूस, यातलं काहीही त्या क्षणी आलं नाही.

"साहेब, मॅडमनी दिली तशीच टाइप केली," मी म्हणालो.

सरांनी मान हलवली. त्यांना तेच ऐकायचं होतं असं वाटलं. मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या.

थिसिस परत आला. ती परीक्षा हुकली, पुढच्या खेपेपर्यंत थांबावं लागलं. एरंडोलला एका दवाखान्यात त्यांची नोकरी ठरली होती, ती दुसऱ्याला गेली. वडिलांनी डेपोत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, ते आता रोज काहीतरी कारण सांगत होते. आणि कॉलेजात, त्यांच्यासारख्या घरातल्या मुलीबद्दल अशा वेळी काही लोक जे बोलतात, ते बोलले.

काही दिवसांनी त्या दुकानात आल्या. मला वाटलं, आता तोंडावर काहीतरी फेकून मारतील. त्यांनी खुर्ची ओढली, यादीचं पान स्वतः टाइप केलं, छापलं, माझ्यासमोर वाचलं आणि टाइपिंगचे पैसे टेबलावर ठेवले. मी ते घेतले. त्या पैशांबद्दल मी बायकोलाही कित्येक वर्षं बोललो नाही.

नंतर ती ओळ मी काढून टाकली. पण तोपर्यंत पेनड्राइव्ह आले होते. ज्युनियर सिनियरकडून पान घ्यायचा. पुढे बीपीएस जळगावलाही पोहोचला होता असं ऐकलं. माझा गमतीचा आजार खरोखरच्या साथीसारखा पसरत होता. आणि मॅडमचं नाव कॉलेजात बीपीएस पडलं, ते मला फार उशिरा समजलं.

दुकान बंद करून मी मुलाकडे जळगावला राहायला आलो. मागच्या वर्षी चक्कर येऊ लागली. मुलाने एका डॉक्टरांची वेळ घेतली. आत गेलो तर टेबलापलीकडे करुणा मॅडम. केस पिकले होते, चष्मा आला होता. बघण्याची पद्धत तीच. मी मुलाला बाहेर बसायला सांगितलं.

त्यांनी माझं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तो पाहून म्हणाल्या, "नाना, तुमचं हिमोग्लोबिन कमी आहे."

"एचबी," मी म्हणालो.

त्या केसपेपर लिहीत होत्या. मी चष्मा लावून वाचलं. एकही संक्षेप नव्हता. रक्तदाब, हिमोग्लोबिन, दिवसातून दोनदा जेवणानंतर, सगळं पूर्ण आणि वळणदार. माझ्या उभ्या आयुष्यात मी कुठल्या डॉक्टरचा असा कागद पाहिला नव्हता. मी म्हटलं, इतकं लिहायला वेळ कसा मिळतो. त्या म्हणाल्या, "एकदा एका संक्षेपाने माझी परीक्षा घेतली होती. तुम्हाला आठवत असेल."

मग मी सांगितलं. दगडूभाऊंचा डबा, सरांची सही, माझं भरगच्च पान, सगळं. बोलताना मी एकदा हसलोसुद्धा, त्या भरताच्या जागी. त्या हसल्या नाहीत. मी हात जोडून माफी मागितली.

"माफीचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही खोलीत बोलला होतात, नाना. मला एकटीला इथे सांगून काय उपयोग? ज्यांनी ऐकलं होतं त्यांना सांगा. आमच्या बॅचचा ग्रुप आहे फोनवर. मला अजून तिथे बीपीएस म्हणतात. म्हणून मी कधी गॅदरिंगला जात नाही."

घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं, पैशांसकट. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "आते तरी बठ्ठासले खरं सांगी द्या. मंग गोळ्या लागू पडतीन."

दोंडाईचाचे परीक्षक आता हयात नाहीत. मोठे सर बेळगावला आहेत. मुलाने कुठून तरी त्यांचा नंबर मिळवला. सरांना आता कमी ऐकू येतं. जळगावच्या आमच्या सोसायटीतल्या सगळ्या बाल्कन्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात मी ओरडत होतो, "साहेब, भरीत-पुरी! ते मी टाकलं होतं!" खालच्या मजल्यावरच्या अक्का वर येऊन विचारून गेल्या, कोणाकडे काही कार्यक्रम आहे का.

सरांना शेवटी समजलं. मग म्हणाले, "नाना, मी ते वाचलं होतं."

मी फोन कानाला घट्ट धरला.

"पहिल्याच वेळी वाचलं होतं. मला वाटलं, नवीन काहीतरी निघालं असेल. दोन डॉक्टरांची नावं असतील. पुरी आडनाव तर असतंच. कोणाला विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, विभागप्रमुखाला एवढंही माहीत नाही. म्हणून सही केली. आणि त्या दिवशी परीक्षकाने आजाराचं नाव विचारलं तेव्हा, तुम्ही तिचं नाव घेतलंत याचं मला बरंच वाटलं."

इतकी वर्षं मी समजत होतो की सर वाचत नाहीत, म्हणून माझी पैज मी हरलो. ती पैज मी जिंकलो होतो. सर वाचत होते. दगडूभाऊ आज असते तर त्यांनी मला चहा पाजला असता की माझ्या अंगावर ओतला असता, सांगता येत नाही.

सरांना मी एवढंच म्हणालो, की हे त्या ग्रुपवर सांगा. ते म्हणाले, बघतो. अजून बघताहेत. म्हणून दिवाळी अंकाच्या संपादकांनी धंद्यातल्या गमतीजमती लिहून मागितल्या तेव्हा मी हे लिहायला घेतलं. आधी मॅडमना विचारलं, तुमचं नाव घालू का, की नुसती आद्याक्षरं घालू. त्या म्हणाल्या, आद्याक्षरांनी मला पुरे झालंय, पूर्ण घाला. म्हणून लिहितो: डॉक्टर करुणा तायडे यांचा थिसिस पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत त्यांचा स्वतःचा होता. फक्त यादीचं पान त्यांचं नव्हतं.

मजकुराचा कच्चा खर्डा त्यांना दाखवायला नेला. त्यांनी लाल पेन घेतलं. माझे जुने दिवस आठवले. मी लिहिलं होतं, 'त्या वेळी दुकानाकडून चूक झाली.' त्यांनी 'दुकानाकडून' या शब्दाखाली रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'पहिला उल्लेख. पूर्ण लिहा.'

तर लिहितो. ती ओळ टाकणारा, मॅडमचं पान काढून आपलं पान लावणारा, आणि भर खोलीत त्यांच्या तोंडावर खोटं बोलणारा माणूस म्हणजे मी, शालिग्राम कौतिक बडगुजर, मूळ राहणार धुळे, सध्या जळगाव.

एकदा पूर्ण लिहून झालं. नियमाप्रमाणे आता पुढे नुसतं नाना म्हटलं तरी चालेल.